मुलं शाळेत येईनात, म्हणून शाळाच अंगणात नेणाऱ्या ताराबाई मोडक

अंगणवाडी सगळ्यांना माहीत आहे, पण तिच्यामागच्या ताराबाई मोडक फार थोड्यांना.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ चा, मुंबईतला. १९१४ मध्ये त्या बीए झाल्या. लग्नानंतर अमरावतीत राहिल्या, पण संसार टिकला नाही. मग राजकोटला नोकरी धरली आणि तिथून भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याकडे गेल्या.

तिथे त्यांनी माँटेसरी पद्धत आपलीशी केली. या पद्धतीचं एक मूळ पॅरिसच्या कर्णबधिर मुलांच्या संस्थेत आहे. तिथले डॉक्टर इतार आणि त्यांच्यानंतर सेगँ यांनी स्पर्श, नजर, हालचाल यांतून मुलांना शिकवण्याचे प्रयोग केले. माँटेसरीबाईंनी त्यावरच रंग, आकार, पोत, आवाज ओळखण्याची साधनं उभारली.

पण ही साधनं महाग होती. ती गरिबांच्या मुलांना कुठून मिळणार?

१९४५ मध्ये ताराबाई तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला गेल्या. सोबत अनुताई वाघ होत्या. तिथे शंख-शिंपले, खडे, पानं, बिया हीच साधनं झाली. मुलं येईनात, तेव्हा वर्ग पाड्यावरच्या अंगणात भरला. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. १९५७ मध्ये हे काम कोसबाडला गेलं.

१९६२ मध्ये ताराबाईंना पद्मभूषण मिळालं. ३१ ऑगस्ट १९७३ ला त्या गेल्या. दोनच वर्षांनी सरकारची एकात्मिक बालविकास योजना आली, तीही अंगणवाडी याच नावाने. आज केळापूरसारख्या आदिवासी तालुक्यातही मुलांचा पहिला वर्ग तिथेच भरतो.