कापड दुकानदार झाला शास्त्रज्ञ



शास्त्रज्ञ म्हटले की खूप शिकलेला माणूस असेच आपल्याला वाटते. पण मी आज ज्यांची माहिती लिहीत आहे, ते चक्क कापडाचे दुकानदार होते. त्यांचे नाव आंतॉन व्हान लेव्हेनहूक.

त्यांचा जन्म १६३२ साली हॉलंडमधील डेल्फ्ट या गावी झाला. वडील टोपल्या विणायचे. आंतॉन लहान असतानाच ते वारले. सोळाव्या वर्षी आंतॉन ॲमस्टरडॅमला कापडाच्या दुकानात काम शिकायला गेले. पुढे गावी येऊन त्यांनी स्वतःचे दुकान घातले. कापडाची वीण तपासायला त्या काळी भिंग वापरत. त्यातूनच त्यांना भिंगांचा नाद लागला, असे म्हणतात. ज्वारीच्या दाण्याहून लहान भिंग करून ते पितळेच्या दोन पत्र्यांमध्ये बसवायचे. त्यांचे आज उरलेले एक भिंग वस्तू सुमारे २७० पट मोठी दाखवते!

१६७४ साली त्यांनी तळ्याचे पाणी पाहिले, तर त्यात जीव वळवळताना दिसले. मिरी तिखट का लागते हे शोधायला त्यांनी ती पाण्यात भिजत घातली. १६७६ साली त्या पाण्यात त्याहूनही बारीक जीव दिसले. तेच जिवाणू. त्यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्राने कळवले. तिथल्या विद्वानांना ते खरे वाटेना. मग त्यांनी आठ प्रतिष्ठित माणसांना ते जीव दाखवून त्यांच्या साक्षी पाठवल्या. १६७७ साली रॉबर्ट हूक यांनाही ते दिसले, तेव्हा सर्वांची खात्री पटली. फक्त डच भाषा येणारा हा दुकानदार १६८० साली त्या सोसायटीचा सभासद झाला.

लेव्हेनहूक यांना हे सगळे छोटे प्राणीच वाटले. पण त्यांत दोन जाती आहेत, हे फार पुढे कळले. जिवाणूची पेशी म्हणजे एका खोलीचे खोपट. सगळा संसार एकाच जागी. तिला केंद्रक नसते. डीएनएचा गुंता पेशीत मोकळाच असतो. तळ्यातल्या अमीबाची किंवा आपली पेशी म्हणजे मोठा वाडा. केंद्रक ही तिजोरीची खोली, त्यात डीएनए. तंतुकणिका हे स्वयंपाकघर, तिथे शक्ती तयार होते. प्रथिने करणारे रायबोसोम मात्र दोन्हीकडे असतात. दोन मायक्रोमीटर लांबीचे पाचशे जिवाणू आपल्या पट्टीवरच्या एका मिलिमीटरमध्ये रांगेत मावतील.

हा फरक कळून काय उपयोग, असे कुणी विचारील. तर सांगतो. बहुतेक जिवाणूंभोवती पेशीभित्तिका असते. आपल्या पेशीला ती नसते. पेनिसिलीन ही भित्तिका नीट बांधू देत नाही. त्यामुळे जिवाणू मरतो, पण आपली पेशी वाचते. कितीतरी माणसांचे प्राण या फरकामुळे वाचले आहेत.

लेव्हेनहूक जवळजवळ पन्नास वर्षे पत्रे लिहीत राहिले. १७२३ साली, नव्वदाव्या वर्षी ते वारले. आपली उत्तम भिंगे करण्याची युक्ती मात्र त्यांनी कुणाला सांगितली नाही. ही एक गोष्ट मला पटली नाही. आपल्याला आलेले दुसऱ्याला शिकवावे. पण स्वतः पाहिल्याशिवाय राहायचे नाही, आणि खरे दिसले तर मोठ्यांनाही न घाबरता सांगायचे, हे त्यांच्याकडून आपण सर्वांनी घ्यावे.