मायकेल फॅरडे : एका शिलिंगाचें ऋण

शाळेंत शास्त्राचा तास आठवड्यांतून ठराविक वारीं येतो. एका आठवड्यांत पेशी, दुसऱ्यांत रसायन, तिसऱ्यांत उष्णता असा क्रम चालतो. घंटा होते, वह्या मिटतात, आणि पुष्कळ मुलांस वाटतें कीं, तास संपला म्हणजे विषयही संपला. कांहीं पालकही आम्हांस बोलून दाखवितात कीं, थोर शास्त्रज्ञ जन्मतःच थोर असतात, शाळेच्या तासांनीं कोणी शास्त्रज्ञ होत नाहीं. आणि दाखल्यास ते मायकेल फॅरडेचें नांव घेतात, कारण त्यास शाळा फारशी लाभली नव्हती. म्हणून ह्या थोर पुरुषाचें चरित्रच येथें थोडक्यांत सांगावें असें आम्हीं योजिलें आहे. त्या दाखल्यांत कितपत तथ्य आहे, हें वाचकांनीं मग स्वतःच ठरवावें.

मायकेल फॅरडेचा जन्म 22 सप्टेंबर 1791 रोजीं लंडन शहरानजीक न्यूइंग्टन येथें झाला. बाप जेम्स हा लोहार होता; पण प्रकृति अशक्त, त्यामुळें भट्टीपुढें रोज उभें राहणें त्यास जमत नसे. आई मार्गारेट हिच्या पदरीं चार मुलें. त्यांत मायकेल तिसरा. 1801 सालीं धान्य अतिशय महागलें, त्या वेळीं ह्या मुलाच्या वांट्यास आठवड्यास एक पाव येई व तोच त्यास सात दिवस पुरवावा लागे. लिहिणें, वाचणें व साधी आंकडेमोड एवढेंच त्याचें शालेय शिक्षण. हें कुटुंब सँडेमनियन नांवाच्या एका लहानशा ख्रिस्ती मंडळीचें होतें. धनाचा लोभ न धरणें व पवित्र शास्त्रास अनुसरून साधेपणानें वागणें, हें वळण मायकेलास तेथें लागलें आणि तें अखेरपर्यंत टिकलें.

1804 सालीं हा मुलगा ब्लँडफर्ड स्ट्रीटवरील जॉर्ज रीबो ह्या पुस्तकविक्रेत्याकडे निरोप्या म्हणून राहिला. गिऱ्हाइकांस वर्तमानपत्रें पोंचविणें हें त्याचें काम. मुलाची सचोटी पाहून रीबोनें दुसऱ्या वर्षीं त्यास सात वर्षांच्या कराराने उमेदवार म्हणून घेतलें, आणि त्याबद्दल एक पैचीही फी घेतली नाहीं. पुस्तकें बांधतां बांधतां मायकेल तीं वाचूं लागला. जेन मार्सेट नांवाच्या बाईंनीं संवादरूपानें लिहिलेलें रसायनाचें पुस्तक आणि ब्रिटानिका ज्ञानकोशांतील विजेवरील लेख, ह्या दोहोंनीं त्याचें मन वेधून घेतलें. पण वाचलें तें खरें मानून तो स्वस्थ बसला नाहीं. हातांतल्या थोड्या पैशांत होतील तेवढे प्रयोग त्यानें स्वतः करून पाहिले, आणि पुस्तकांत लिहिल्याप्रमाणें घडतें अशी खात्री पटल्यावरच त्यावर विश्वास ठेविला.

ह्यापुढची गोष्ट आमच्या पालकवर्गानें विशेष लक्षांत घ्यावी अशी आहे. लंडनमध्यें टेटम नांवाचे एक गृहस्थ आपल्या घरीं रात्रीं आठ वाजतां शास्त्रावर व्याख्यानें देत. दर व्याख्यानास एक शिलिंग पडे. पुस्तकबांधणीच्या उमेदवारास तेवढी रक्कम परवडण्याजोगी नव्हती. 1810 सालीं बापही वारला. अशा दिवसांत मायकेलचा वडील बंधु रॉबर्ट, जो स्वतः लोहारकामावर पोट भरीत होता, त्यानें धाकट्या भावाच्या व्याख्यानांचे शिलिंग दिले. मायकेलनें त्यांतील एकही वायां जाऊं दिला नाहीं. प्रत्येक व्याख्यानाचें टिपण तो तेथेंच घेई, घरीं येऊन तें सविस्तर लिहून काढी, आणि शेवटीं त्याचे स्वतःच्या हातानें ग्रंथ बांधी. यंत्रांच्या आकृति नीट काढतां याव्यात म्हणून त्यानें रीबोच्याच घरीं राहणाऱ्या मास्करिए नांवाच्या चित्रकाराकडून चित्रकलेचेही धडे घेतले.

1812 सालीं दुकानाच्या एका गिऱ्हाइकानें त्यास रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें सर हंफ्री डेव्ही ह्यांच्या चार व्याख्यानांचीं तिकिटें दिलीं. डेव्ही हे त्या काळचे नामांकित रसायनशास्त्रज्ञ. मायकेलनें त्या व्याख्यानांचेंही सचित्र टिपण केलें, तें सुंदर बांधलें, आणि शास्त्राच्या सेवेंत कांहीं काम मिळावें अशा विनंतीसह डेव्हींकडे पाठविलें. प्रथम डेव्हींनीं त्यास आपला धंदा न सोडण्याचा सल्ला दिला. परंतु थोड्याच दिवसांत प्रयोगशाळेंतील मदतनिसाची जागा रिकामी झाली, तेव्हां त्यांस तो वहीवाला मुलगा आठवला. 1 मार्च 1813 रोजीं मायकेलची नेमणूक झाली. पगार आठवड्यास 25 शिलिंग आणि राहावयास माडीवरच्या दोन खोल्या. ज्या वहीनें ही नोकरी मिळविली, ती वर्गांत ऐकलेल्या पाठांची वही होती, हें आमच्या विद्यार्थ्यांनीं विसरूं नये.

पुढें ह्याच प्रयोगशाळेंत फॅरडे ह्यांनीं जन्म घालविला. 1823 सालीं त्यांनीं क्लोरीन वायूचें द्रवांत रूपांतर केलें; 1825 सालीं बेंझीन हा पदार्थ शोधून काढला; आणि 29 ऑगस्ट 1831 रोजीं त्यांचा सर्वांत मोठा शोध लागला. लोखंडाच्या एका कड्यावर समोरासमोर तारेचीं दोन वेटोळीं गुंडाळून त्यांनीं पाहिलें, तों एका वेटोळ्यांतील प्रवाह सुरू करतांना व बंद करतांना दुसऱ्यांत क्षणभर विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो असें आढळलें. लौकरच चुंबकाच्या हालचालीनेंही वीज उत्पन्न होते हें त्यांनीं सिद्ध केलें. वीज निर्माण करणाऱ्या सर्व मोठ्या यंत्रांचें मूळ ह्या तत्त्वांत आहे. 1915 सालीं खोपोली येथें पाण्याच्या जोरावर उत्पन्न केलेली वीज मुंबईच्या गिरण्यांस मिळूं लागली, तीही ह्याच तत्त्वावर. प्रयोगांची नोंद ठेवण्याची लहानपणची संवय मात्र सुटली नाहीं. त्यांच्या रोजनिशींत 16,000 हून अधिक क्रमांक घातलेलीं कलमें आहेत.

इतकें असूनही एक उणीव त्यांस जन्मभर राहिली. उच्च गणित त्यांस येत नव्हतें. इतर शास्त्रज्ञांचे गणिती निबंध त्यांस वाचतां येत नसत. त्यांच्या कल्पनांस गणिताचें रूप पुढें जेम्स क्लार्क मॅक्सवेल ह्यांनीं दिलें. शाळा सुटल्यानें फॅरडे मोठे झाले नाहींत. सुटलेली शाळा त्यांनीं जन्मभर शोधली, आणि तिचा जो भाग सांपडला नाहीं, त्याची उणीव त्यांस भासत राहिली.

ज्यास एका शिलिंगावांचून पाठ ऐकतां आला नसता, त्यानें पुढें इतरांसाठीं दार उघडलें. 1826 सालीं फॅरडे ह्यांनीं रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें शुक्रवारच्या सायंकाळच्या व्याख्यानांस आरंभ केला. त्याच सुमारास तेथें नाताळच्या सुटींत मुलांकरितां व्याख्यानें सुरू झालीं. 1827 ते 1860 ह्या काळांत त्यांच्या 19 माला एकट्या फॅरडे ह्यांनीं दिल्या. बोलणें भरभर होऊं नये म्हणून त्यांनीं वक्तृत्वाचे धडे घेतले होते, आणि हळू बोलण्याची आठवण देणारी चिठ्ठी मदतनिसाकडून समोर ठेववीत. 1855 च्या नाताळांत खुद्द युवराज तेथें श्रोते म्हणून बसले होते. लोहाराचा मुलगा शिकवीत होता व राणीचा मुलगा ऐकत होता.

1860 च्या नाताळांत त्यांनीं शेवटची माला दिली, ती साध्या मेणबत्तीवर. ज्योतीच्या उष्णतेनें मेण वितळतें. तापलेली हवा वर चढते व तिच्या जागीं येणारी थंड हवा मेणबत्तीची कड गार राखते. म्हणून माथ्यावर वाटीसारखा खळगा होऊन वितळलेलें मेण त्यांत सांचतें. टीपकागदांत शाई चढते तसें तें वातींतून वर चढतें, त्याची वाफ होते, आणि जळते ती वाफ. ज्योतीच्या मध्यांत कांचेची नळी धरून तीच वाफ नळीच्या दुसऱ्या टोंकास पेटवून दाखवितां येते. ज्योतीचें तेज तिच्यांतील तापलेल्या कोळशाच्या सूक्ष्म कणांचें असतें. वर थंड भांडें धरलें तर त्यावर पाण्याचें दंव जमतें, आणि निघणाऱ्या कार्बन डायॉक्साइड वायूनें चुन्याची निवळी दुधी होते. आपल्या उच्छ्वासानेंही ती तशीच दुधी होते; कारण आपल्या शरीरांतही अन्नरूपी इंधन प्राणवायूशीं संयोग पावत असतें. हें मंद ज्वलन शरीराच्या पेशींत चालतें, हें आज आपण जाणतों. उष्णता, रसायन व पेशी हे तीन निरनिराळ्या आठवड्यांचे पाठ अशा रीतीनें एका मेणबत्तीपाशीं एकत्र येतात.

फॅरडे ह्यांनीं सरदारकी नाकारली, रॉयल सोसायटीचें अध्यक्षपद नाकारलें. मंडळींत मात्र वडील म्हणून सेवा केली. सृष्टीचे नियम ईश्वरानेंच घालून दिले आहेत, म्हणून ते शोधणें हें भक्तीच्या आड येत नाहीं, अशी त्यांची निष्ठा होती. अखेरच्या वर्षांत स्मरणशक्तीनें त्यांस दगा दिला, तेव्हां मुलांचीं व्याख्यानें त्यांनीं आपण होऊन सोडलीं. 25 ऑगस्ट 1867 रोजीं त्यांचें निधन झालें. त्यांनीं वाढविलेल्या नाताळच्या व शुक्रवारच्या व्याख्यानांची परंपरा आजही चालू आहे.

विद्यार्थी मित्रहो, पुढच्या आठवड्याच्या तासास येतांना कोरी वही आणा, आणि घरीं गेल्यावर ती पुन्हां उघडा. आणि पालकहो, फॅरडेचें नांव घेतांना रॉबर्टचेंही घ्या. त्यानें एकही शोध लावला नाहीं. पण घरांत पैशाची ओढ असतां भावाच्या एका तासाची किंमत त्यास कळली होती.