अमेरिकेत खांद्यावर काळा बिबट्या घेऊन फिरणारा पुणेकर : दामू धोत्रे

सिंहाच्या पिंजऱ्यात शिरणारा रिंगमास्टर सगळ्यात धाडसी, असं आपल्याला वाटतं. पण बिबट्या जास्त अवघड. सिंह कळपात राहणारा, बिबट्या एकटा फिरणारा. तो कधी झेप घेईल याचा नेम नाही. दामू धोत्रे यांनी नाव कमावलं ते याच जनावरासोबत.

१९०२ साली पुण्यातल्या गरीब घरात त्यांचा जन्म झाला. मामाची सर्कस होती, तिथं ते पोरवयातच दाखल झाले. आधी कसरती, सायकलचे खेळ, मग जनावरं. पुढे परदेशी सर्कशी करत ते फ्रान्सच्या आल्फ्रेड कोर्ट यांच्याकडे पोचले आणि १९४० च्या सुमारास अमेरिकेच्या रिंगलिंग ब्रदर्समध्ये.

तिथं बिबटे, जग्वार आणि प्यूमा एकाच रिंगणात असायचे. आता बिबट्या आशिया-आफ्रिकेतला, बाकीचे दोघं अमेरिका खंडातले. जंगलात त्यांची गाठच पडत नाही! त्यांना एकमेकांची सवय लावणं हेच मोठं काम. कोर्ट यांची रीत साधी होती. मारझोड नाही, जमलं की मांसाचा तुकडा. दामूंनी तीच पाळली. अर्थात मार नसला तरी पिंजरा होताच.

दुसऱ्या महायुद्धात ते अमेरिकी सैन्यातही होते. नंतर भारतात परतले. त्यांचं आत्मचरित्र 'वाघ सिंह माझे सखे सोबती' भानू शिरधनकर यांनी शब्दबद्ध केलं. १९७३ मध्ये दामू गेले. त्यानंतर २५ वर्षांनी, १९९८ मध्ये, केंद्र सरकारनं सर्कशीत वाघ, सिंह आणि बिबट्यांच्या खेळांवर बंदी घातली.