डॉ. भीमराव रामजी आंबेडकर : विद्यार्थी आणि विद्यादाते

थोर पुरुषांची चरित्रे वाचताना आपली दृष्टी बहुधा त्यांच्या कीर्तीच्या शिखरावर खिळते. त्या शिखराकडे जाणारी वाट कोणत्या काट्यांतून गेली हे पाहण्याचे राहून जाते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे नाव ठाऊक नाही असा विद्यार्थी आपल्या बोरी अरब गावात शोधूनही सापडणार नाही. भारताच्या राज्यघटनेचे शिल्पकार म्हणून सारे जग त्यांस ओळखते. आम्ही मात्र आज त्यांच्या चरित्राचे एकच अंग वाचकांपुढे ठेवीत आहोत. शाळा व महाविद्यालये यांस आपण विद्येची मंदिरे म्हणतो. त्या मंदिरांत या पुरुषास कसे वागविले गेले, आणि त्याची परतफेड त्यांनी कशी केली, एवढाच आमचा विषय आहे.

भीमरावांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथील लष्करी छावणीत झाला. वडील रामजी मालोजी सकपाळ हे लष्करात सुभेदार असून लष्करी शाळेत शिक्षकाचे काम करीत. मातुश्री भीमाबाई यांचे हे चौदावे अपत्य. घराण्याचे मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे, आणि जात महार. म्हणजे त्या काळच्या रूढीप्रमाणे अस्पृश्य. वडील सेवानिवृत्त झाल्यावर कुटुंब पुढे साताऱ्यास राहावयास आले. भीमराव लहान असतानाच मातेचे छत्र हरपले. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात त्यांचे नाव इंग्रजी पहिलीत दाखल झाले. शाळेच्या दप्तरी ते भिवा रामजी आंबेडकर असे लिहिलेले आहे.

दप्तरात ते नाव इतर मुलांच्या नावांबरोबर एकाच रकान्यात लिहिले गेले. वर्गात मात्र त्या नावाच्या मुलास इतरांबरोबर बसता येत नव्हते. बसण्यासाठी त्याने घरून गोणपाट आणावे, एका कोपऱ्यात बसावे, आणि शाळा सुटल्यावर तेच गोणपाट घरी न्यावे, असा शिरस्ता होता. कारण वर्ग झाडणारा गडीसुद्धा त्या गोणपाटास हात लावीत नसे. तहान लागली तर इतर मुले नळापाशी जाऊन पाणी पीत. भीमरावास नळास शिवण्याची मुभा नव्हती. शिपायाने नळ सोडला तरच पाणी मिळे. शिपाई नसला की तो दिवस तहानेने काढावा लागे. दहा वर्षांच्या मुलास विद्येचा पहिला धडा असा मिळाला.

तथापि त्याच शाळेत आंबेडकर आडनावाचे एक ब्राह्मण शिक्षक होते. या मुलावर त्यांचा मोठा लोभ. मधल्या सुटीत त्यास दूर घरी जावे लागू नये म्हणून ते आपल्या फडक्यातील भाकरी-भाजी त्याला देत. ही आठवण बाबासाहेबांनी आयुष्यभर कृतज्ञतेने जपली. एकाच छपराखाली एकाने पाणी नाकारावे आणि दुसऱ्याने भाकर द्यावी, यावरून रूढी कितीही बलवत्तर असली तरी माणसाच्या हाती काहीच नसते असे नाही, हे उघड होते.

पुढे सुभेदारांनी बिऱ्हाड मुंबईस हलविले आणि मुलास एल्फिन्स्टन हायस्कुलात घातले. तेथील एक प्रसंग प्रसिद्ध आहे. एकदा शिक्षकांनी भीमरावास फळ्यावर उदाहरण सोडविण्यास बोलाविले. फळ्याच्या मागे मुलांचे फराळाचे डबे ठेवलेले असत. भीमराव जागेवरून उठताच वर्गात एकच गलबला झाला, आणि तो फळ्यापाशी पोहोचण्यापूर्वी मुलांनी धावत जाऊन आपापले डबे बाजूला केले. वाचकहो, या मुलांत जन्मतः दुष्ट असे कोण होते? एकटा असता त्यांतील एखादा कदाचित भीमरावाशी दोन शब्द बोललाही असता. पण सर्व धावले म्हणून तोही धावला. घोळक्यात शिरलेल्या माणसाची विवेकबुद्धी कशी मंदावते, याचे याहून बोलके उदाहरण आम्हास ठाऊक नाही. याच शाळेत भीमरावास संस्कृत शिकण्याची उत्कट इच्छा होती. तीही पुरविली गेली नाही. निरुपायाने फारसी घ्यावी लागली. संस्कृताचा अभ्यास त्यांनी मागाहून स्वतःच्या बळावर केला.

१९०७ साली ते मॅट्रिक झाले. त्यानिमित्त झालेल्या सत्कारसभेत कृष्णराव अर्जुन केळूसकर गुरुजींनी त्यांस आपण लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती दिली. एल्फिन्स्टन कॉलेजात प्राध्यापक मुल्लर यांनी पुस्तके व कपडे पुरविले. परंतु त्याच कॉलेजातील उपाहारगृहाचा चालक त्यांस चहा किंवा पाणी देत नसे. अशा स्थितीत १९१२ साली ते बी. ए. झाले.

१९१३ साली महाराजांच्याच साह्याने ते अमेरिकेत न्यू यॉर्क येथील कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथे भोजनास सर्वांबरोबर बसताना, ग्रंथालयात ग्रंथ मागताना कोणी जात विचारीत नव्हते. प्राध्यापक सेलिग्मन व जॉन ड्युई यांच्यासारखे गुरू लाभले, आणि १९१५ साली त्यांनी एम. ए. ची पदवी संपादन केली.

परंतु तो देश तरी या दोषापासून मुक्त होता असे समजू नये. तेथे जातीऐवजी कातडीचा रंग पाहत. १९२४ साली त्याच कोलंबिया विद्यापीठाच्या फर्नाल्ड हॉल या वसतिगृहात फ्रेडरिक वेल्स नावाचा कृष्णवर्णीय विद्यार्थी राहावयास आला, तेव्हा त्यास बाहेर काढावे अशी ओरड काही गोऱ्या विद्यार्थ्यांनी केली, आणि एका रात्री वसतिगृहासमोर लाकडी क्रूस पेटविण्यात आला. प्रेमाचे चिन्ह भीती घालण्यासाठी जाळले जावे, याहून मोठी विटंबना कोणती? वेल्स मात्र आपली खोली सोडून गेला नाही. कृष्णवर्णीयांचे व अस्पृश्यांचे दुःख सारखेच आहे हे बाबासाहेब पुरते जाणून होते. १९४६ साली त्यांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे विद्वान पुढारी ड्यू बॉइस यांस याच जाणिवेने पत्र लिहिले.

परदेशची विद्या घेऊन ते परतले, तरी घरची रूढी जागची हलली नव्हती. १९१८ साली मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात ते अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. त्यांचे व्याख्यान ऐकण्यास इतर महाविद्यालयांचे विद्यार्थीही येत. परंतु प्राध्यापकांच्या खोलीत ठेवलेल्या भांड्यातील पाणी त्यांनी प्यावे, यास काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली. साताऱ्याच्या नळापासून या भांड्यापर्यंत अठरा वर्षे लोटली होती. विद्यार्थ्याचा प्राध्यापक झाला होता. पाणी तेवढे तेथेच होते. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर त्यांनी ओंजळीने पाणी प्राशन केले, त्यामागे ही सारी तहान होती.

आता परतफेडीकडे वळू. ज्याच्याशी असा पंक्तिप्रपंच झाला तो मनुष्य पुढे सत्तेच्या व विद्वत्तेच्या आसनावर बसला, तर सूड घेण्यास त्यास कितीतरी निमित्ते मिळाली असती. बाबासाहेबांनी वेगळाच मार्ग धरला. १९३५ साली ते मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजचे प्राचार्य झाले. ८ जुलै १९४५ रोजी त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापिली. २० जून १९४६ रोजी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय उघडले. १९५० साली औरंगाबादेस दुसरे महाविद्यालय निघाले, ते पुढे मिलिंद महाविद्यालय या नावाने प्रसिद्धीस आले. या महाविद्यालयांची दारे सर्व जातिधर्मांच्या मुलांस खुली होती. ज्यास कोपऱ्यात बसविले गेले, त्याने कोणासही कोपऱ्यात बसविले नाही. २६ जानेवारी १९५० पासून अमलात आलेल्या राज्यघटनेने अस्पृश्यता नष्ट केली, आणि सरकारी किंवा सरकारी साह्य घेणाऱ्या विद्यालयात केवळ धर्म, वंश, जात किंवा भाषा या कारणास्तव कोणास प्रवेश नाकारता येणार नाही असे ठरविले. ६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे दिल्लीस महानिर्वाण झाले.

कायद्याने नळ व बाके सर्वांची झाली. परंतु फळ्यामागील डबे उचलणारे हात कायद्यास दिसत नाहीत. आपल्या यवतमाळ जिल्ह्यात तांड्यावरून व पोडावरून मुले शाळेत येतात. त्यांच्या बोलीस वा कपड्यांस हसणारा घोळका आजही जमू शकतो. आपली मुले उद्या यवतमाळ, अमरावती, नागपूर येथील वसतिगृहांत जातील. नव्या विद्यार्थ्याचा छळ करण्याची रीत तेथे रॅगिंग या नावाने ओळखली जाते. १९९९ च्या महाराष्ट्राच्या कायद्याने त्यास दोन वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा सांगितली आहे. पालकांस आमची विनंती ही की, मुलाने किती गुण मिळविले हे विचारताना त्याचा डबा आज कोणी कोणी खाल्ला हेही विचारीत जावे.

आणि विद्यार्थ्यांनो, ७ नोव्हेंबर हा दिवस २०१७ पासून महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. साताऱ्याच्या शाळेत भिवाचे नाव लिहिले गेले तो हा दिवस. त्या दिवशी तसबिरीस हार अवश्य घालावा. पण त्याआधी आपल्या वर्गात एकटे बसलेले कोणी आहे काय हे पाहावे, आणि त्याच्या बाकावर जाऊन बसावे.