विश्लेषण : बाप्तिस्म्याशिवाय तारण नाही का? रेव्हरंड टिळकांनी काय केले?

जळगावात 1907 साली कविसंमेलन भरले. धरणगावच्या त्र्यंबक बापूजी ठोंबरे या कोवळ्या मुलाने तिथे कविता म्हटली आणि तो ‘बालकवी’ झाला. पुढे हाच मुलगा अहमदनगरला रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या घरी मुलासारखा राहिला. टिळक ख्रिस्ती धर्मोपदेशक, ठोंबरे शेवटपर्यंत हिंदू. मग बाप्तिस्मा न घेतलेल्या या मुलाच्या तारणाचे काय?

हा प्रश्न जुनाच आहे. योहानाच्या शुभवर्तमानात पाण्याने आणि आत्म्याने नवा जन्म घेण्याची अट येते. दुसरीकडे, येशूशेजारी वधस्तंभावर खिळलेल्या गुन्हेगाराला बाप्तिस्म्याशिवायच स्वर्गाचे वचन मिळते. कॅथलिक चर्च बाप्तिस्मा आवश्यक मानते; पण तो घेण्याची मनापासून इच्छा असताना मृत्यू आला, तर ती इच्छाही ग्राह्य धरते. अनेक प्रोटेस्टंट पंथांच्या मते तारण विश्वासाने होते, बाप्तिस्मा ही त्याची खूण. मुक्तिफौज तर बाप्तिस्मा देतच नाही.

टिळकांसाठी मात्र हा पुस्तकी वाद नव्हता. 1893 मध्ये रेल्वेच्या प्रवासात एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना ‘नवा करार’ दिला. वाचता वाचता त्यांचे मन येशूकडे ओढले गेले. पण मनातल्या विश्वासाने घर मोडत नव्हते. ते मोडले बाप्तिस्म्याने. 10 फेब्रुवारी 1895 रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि पत्नी लक्ष्मीबाई व लहानगा दत्तू नातेवाइकांकडे राहिले. ही ताटातूट काही वर्षे चालली. लक्ष्मीबाई परतल्या त्या आपले सोवळे सांभाळूनच. ते हळूहळू सुटले आणि 1900 मध्ये त्यांनी स्वतःच्या विचाराने बाप्तिस्मा घेतला.

त्या काळी धर्मांतरितांचा वारसाहक्क 1850 च्या कायद्याने शाबूत होता. पण पंगतीतली जागा आणि आईचा उंबरठा कोणता कायदा परत देणार? येशूला मानणारे कितीतरी लोक तिथेच अडत. टिळकांना ही अडचण पुरती ठाऊक होती, कारण त्यांनी ती भोगली होती.

1904 मध्ये त्यांना धर्मोपदेशकाची दीक्षा मिळाली. भजने, ‘ज्ञानोदय’चे मराठी संपादन, ‘ख्रिस्तायन’ असे काम चालूच होते. मग 1917 मध्ये, पन्नाशी उलटल्यावर, त्यांनी मिशनची नोकरी सोडली, संन्यास पत्करला आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ उभा केला. येशूच्या मागे चालणाऱ्या कोणालाही, बाप्तिस्मा झालेला असो वा नसो, तिथे जागा होती. स्वतःचा बाप्तिस्मा त्यांनी कधी नाकारला नाही. दारावरची अट तेवढी काढली. धर्मोपदेशकानेच असे करणे ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती.

5 मे 1918 रोजी जळगावजवळ भादली स्थानकापाशी रेल्वेखाली सापडून बालकवी गेले. वर्षभराने, 9 मे 1919 रोजी, टिळकांचेही मुंबईत निधन झाले. दरबार त्यांच्यामागे फार काळ टिकला नाही. भजने मात्र मराठी चर्चमध्ये आजही म्हटली जातात.