सीटबेल्टसाठी स्वतःचे शरीर पणाला लावणारे डॉक्टर : जॉन पॉल स्टॅप

रुग्णाला घरी नेण्यासाठी गाडी दवाखान्याच्या दारात येते. तुम्ही आजींना मागच्या सीटवर बसवता, औषधांची पिशवी शेजारी ठेवता, नातवाला कुणाच्या तरी मांडीवर देता आणि निघता. पुढे बसलेले दोघे पट्टा लावतात, कारण चौकात पोलीस उभा असतो. मागे मात्र तो कुणी लावत नाही. घर चार किलोमीटरवरच तर आहे, असे तुम्हाला वाटते.

तो पट्टा नेमका कशासाठी आहे, हे तुम्हाला एका डॉक्टरांच्या आयुष्यातून सांगायचे आहे. त्यांचे नाव डॉ. जॉन पॉल स्टॅप. अचानक थांबलेल्या वाहनात माणसाच्या शरीराचे काय होते, हे त्यांनी स्वतःच्या शरीरावर तपासले.

डॉक्टर होण्याचा निर्णय

स्टॅप यांचा जन्म ११ जुलै १९१० रोजी ब्राझीलमधील बाहिया प्रांतात झाला. आईवडील अमेरिकन मिशनरी होते. पुढे शिक्षणासाठी ते अमेरिकेत टेक्सासला आले. कॉलेजात असताना सुट्टीत ते नातेवाइकांकडे गेले होते. तिथे त्यांचा एक तान्हा भाऊ शेकोटीत जाऊन होरपळला. त्यांनी त्याची शुश्रूषा केली, पण बाळ वाचले नाही. त्या घटनेनंतर त्यांनी डॉक्टर व्हायचे ठरवले.

हातात पैसे नव्हते, त्यामुळे वाट लांबली. आधी प्राणिशास्त्र, मग जीवभौतिकशास्त्रात डॉक्टरेट आणि त्यानंतर मिनेसोटा विद्यापीठातून वैद्यकीय पदवी. १९४४ मध्ये ते लष्कराच्या हवाई दलात डॉक्टर म्हणून दाखल झाले, तेव्हा ३४ वर्षांचे होते.

रुळावरची रॉकेटगाडी

तुम्ही त्या काळातली समजूत लक्षात घ्या. वेगाने जाणारे विमान आदळले, की माणूस मरणारच, असे मानले जाई. शरीरावर गुरुत्वाकर्षणाच्या १८ पटींहून जास्त जोर आला, तर कुणी जगू शकत नाही, असा अंदाज होता. विमानातली आसनेही त्याच हिशेबाने बांधली जात. माणूसच जगणार नसेल, तर आसन अधिक मजबूत कशाला करायचे, हा विचार.

स्टॅप यांना या अंदाजाची खात्री करून घ्यायची होती. १९४७ मध्ये कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात म्युरॉक येथे त्यांनी काम सुरू केले. सुमारे ६०० मीटर लांबीच्या रुळांवर एक उघडी गाडी होती. मागे रॉकेट लावून ती वेगाने सोडायची आणि टोकाला जोरदार ब्रेक लावून क्षणात थांबवायची. सुरुवातीला त्यात पुतळा बसवला जाई. डिसेंबर १९४७ मध्ये स्टॅप स्वतः बसले, पाठ पुढच्या बाजूला करून. त्यानंतर वेग आणि ब्रेकचा जोर हळूहळू वाढवत नेला.

काही महिन्यांतच ते १८ पटींच्या पुढे गेले आणि जिवंत राहिले. मात्र किंमत मोजावी लागली. या वर्षांत त्यांच्या बरगड्यांना तडे गेले, मनगट दोनदा मोडले, डोळ्याच्या पडद्यावर रक्तस्राव झाला. प्रत्येक वेळी आपल्याला काय जाणवले, कुठे दुखले, याची ते डॉक्टरच्या नजरेने नोंद करत. शक्यतो इतरांना धोक्यात न घालता आधी स्वतः बसायचे, हा त्यांचा शिरस्ता होता. कामाचे तास संपले की तळावरच्या लोकांच्या कुटुंबीयांना ते मोफत तपासत.

या प्रयोगांतून काय कळले?

यातले तीन निष्कर्ष आजही तुमच्या गाडीत उपयोगी पडतात.

पहिला : माणसाचे शरीर वाटते त्याहून पुष्कळ जास्त झटका सोसू शकते, पण ते आसनाला घट्ट बांधलेले असेल तरच. जीव जातो तो बहुतेक वेळा वेगामुळे नाही, तर सैल शरीर समोरच्या टणक वस्तूवर आदळल्यामुळे किंवा बाहेर फेकले गेल्यामुळे.

दुसरा : झटक्याचा जोर शरीराच्या मजबूत हाडांवर आणि रुंद भागावर पसरला पाहिजे. कमरेची हाडे, छातीचा पिंजरा आणि खांदा हा भार पेलू शकतात. पोट आणि मान पेलू शकत नाहीत.

तिसरा : पाठ प्रवासाच्या दिशेला असेल, तर शरीर झटका अधिक चांगला सोसते, कारण जोर पूर्ण पाठीवर वाटला जातो. तान्ह्या बाळाचे कार-सीट मागे तोंड करून लावायला सांगतात, त्यामागे हेच तत्त्व आहे.

या कामानंतर लढाऊ विमानांतील आसनांच्या मजबुतीची अट १८ वरून ३२ पटींवर नेण्यात आली.

१० डिसेंबर १९५४

पुढे स्टॅप न्यू मेक्सिकोतील हॉलोमन हवाई तळावर गेले. तिथला रूळ लांब होता, रॉकेटही अधिक ताकदीची. १० डिसेंबर १९५४ रोजी ते शेवटच्या मोठ्या चाचणीसाठी बसले. डोळे जाण्याची भीती त्यांना आधीपासून होती. म्हणून अंधारात कपडे घालण्याचा, न बघता वावरण्याचा सराव त्यांनी करून ठेवला होता.

नऊ रॉकेट पेटली. पाच सेकंदांत गाडीने ताशी सुमारे १,०१७ किलोमीटर वेग गाठला आणि दीड सेकंदाच्या आत ती थांबली. त्या क्षणी त्यांच्या शरीरावर गुरुत्वाकर्षणाच्या ४६.२ पट जोर आला. म्हणजे पाऊणशे किलोचा माणूस क्षणभर साडेतीन टनांचा झाला. डोळ्यांतल्या रक्तवाहिन्या फुटल्या, दिसेनासे झाले. त्यांना दवाखान्यात नेण्यात आले. थोड्या वेळाने हळूहळू दिसू लागले आणि दृष्टी परत आली, पण डोळ्यांना झालेल्या इजेचा त्रास पुढेही राहिला.

बिनआवरणाच्या गाडीत बसून हे सोसूनही ते आणखी ४५ वर्षे जगले. कारण एकच : पट्ट्यांनी त्यांचे शरीर आसनापासून जराही सुटू दिले नव्हते.

विमानाकडून मोटारीकडे

या चाचणीने स्टॅप जगभर प्रसिद्ध झाले. वर्तमानपत्रे त्यांना पृथ्वीवरचा सर्वांत वेगवान माणूस म्हणू लागली. सप्टेंबर १९५५ मध्ये टाइम मासिकाच्या मुखपृष्ठावर ते झळकले. या प्रसिद्धीचा त्यांनी केलेला उपयोग मात्र वेगळा होता.

हवाई दलाच्या नोंदी पाहताना त्यांच्या लक्षात आले, की विमान अपघातांपेक्षा अधिक जवान साध्या मोटार अपघातांत जात आहेत. हवेत जो वैमानिक पट्ट्यांनी बांधलेला असतो, तोच घरी जाताना पट्ट्याविना गाडी चालवत होता. त्या काळी बहुतेक गाड्यांत पट्टेच नसत. स्टॅप यांनी जुन्या गाड्या आणि पुतळे घेऊन धडकेच्या चाचण्या सुरू केल्या. हवाई दलाचा पैसा मोटारींवर का, असा प्रश्न विचारला गेला, तेव्हा त्यांनी मृत्यूंचे आकडे समोर ठेवले. १९५५ मध्ये त्यांनी डॉक्टर, अभियंते आणि मोटार उद्योगातील लोकांना हॉलोमन येथे एकत्र बोलावले. त्यातून सुरू झालेली परिषद आजही त्यांच्या नावाने भरते.

१९५९ मध्ये स्वीडनमध्ये व्हॉल्वो कंपनीचे अभियंता निल्स बोलिन यांनी कंबर आणि खांदा दोन्ही धरून ठेवणारा, एका हाताने लावता येणारा तीन बिंदूंचा पट्टा गाडीत आणला. कंपनीने तो इतर उत्पादकांनाही वापरू दिला. आज तुमच्या गाडीत तोच पट्टा आहे. ९ सप्टेंबर १९६६ रोजी अमेरिकेत वाहन सुरक्षेचा कायदा झाला. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी सही केली, तेव्हा स्टॅप तिथे हजर होते. त्यानंतर तिथल्या नव्या गाड्यांत पट्टे बसवणे सक्तीचे झाले.

१३ नोव्हेंबर १९९९ रोजी, वयाच्या ८९ व्या वर्षी, न्यू मेक्सिकोतील अलामोगोर्डो येथे राहत्या घरी त्यांचे निधन झाले.

आता तुमच्या गाडीकडे पाहू

ताशी ५० किलोमीटर वेगाने गाडी धडकणे म्हणजे जवळजवळ तिसऱ्या मजल्यावरून खाली पडण्यासारखे आहे. अशा धडकेत १० किलोचे बाळ क्षणभर शंभर किलोहून जड होते. आईचे हात कितीही घट्ट असले, तरी ते बाळ धरून ठेवू शकत नाहीत. मागे पट्ट्याविना बसलेला माणूस पुढच्या सीटवर आदळतो आणि पुढच्यालाही चिरडतो.

भारतात २०२२ या एका वर्षात सीटबेल्ट न लावलेल्या १६,७१५ जणांचा रस्ते अपघातांत मृत्यू झाला, अशी केंद्र सरकारची आकडेवारी आहे. त्यांतले जवळपास निम्मे चालक नव्हे, तर प्रवासी होते. मागच्या सीटवरही पट्टा लावणे आपल्याकडे नियमाने बंधनकारक आहे, आणि १४ वर्षांखालील मुलांना पट्ट्याने किंवा मुलांच्या सीटमध्ये बांधणेही.

पट्टा असा लावा :

- कमरेचा पट्टा पोटावर नको; त्याखाली, कमरेच्या हाडांवर, मांड्यांना टेकून असू द्या. पोटावर राहिला तर आतड्यांना इजा होऊ शकते.
- खांद्याचा पट्टा छातीच्या मध्यातून आणि खांद्यावरून जाऊ द्या. तो मानेवर किंवा काखेखालून घेऊ नका.
- पाठ सीटला टेकवून सरळ बसा. सीट फार मागे कलती करून झोपलात, तर शरीर पट्ट्याखालून घसरते.
- पट्टा पिळलेला किंवा सैल नको. बीप बंद करण्यासाठी मिळणारी नुसती क्लिप खोचू नका.
- एअरबॅग पट्ट्याची जागा घेत नाही. पट्टा नसेल तर उघडणारी एअरबॅगच इजा करू शकते. चालकाने छाती आणि स्टिअरिंग यांत किमान २५ सेंटिमीटर, म्हणजे वीतभराहून थोडे जास्त अंतर ठेवावे.

गरोदर असाल तरी पट्टा लावा. कमरेचा भाग पोटाच्या खालून आणि खांद्याचा भाग दोन्ही स्तनांच्या मधून, पोटाच्या कडेने न्या. लहानसा अपघात झाला आणि दुखत नसले, तरी डॉक्टरांना दाखवा. वार सुटण्याचा धोका असतो.

तान्ह्या बाळाचे सीट मागच्या बाजूला, मागे तोंड करून बसवा. एअरबॅग चालू असलेल्या पुढच्या सीटवर ते कधीही लावू नका.

हृदयाची शस्त्रक्रिया झाली असेल, तर पट्टा टाळू नका. मागे बसा, छातीवर हवी तर पातळ घडीचा पंचा ठेवा, जाड उशी नको. पेसमेकर डाव्या बाजूला बसवलेला असेल, तर आपल्याकडच्या गाड्यांत उजवीकडच्या सीटवर बसा, म्हणजे पट्टा उजव्या खांद्यावरून येईल. काही शंका असेल तर सुट्टी मिळण्याआधी तुमच्या सर्जनना विचारा.

अपघातानंतर छातीवर किंवा पोटावर पट्ट्याचा वळ दिसत असेल, पोट दुखत असेल, उलट्या किंवा धाप असेल, तर लगेच रुग्णालयात जा. जोरदार धडकेनंतर गाडीचे पट्टे तपासून, गरज असेल तर बदलून घ्या.

स्टॅप यांनी जे सोसले, ते तुम्हाला सोसावे लागू नये म्हणून. पुढच्या वेळी आजींना घरी नेताना औषधांची पिशवी ठेवण्याआधी त्यांचा पट्टा लावा, बाळाला त्याच्या सीटमध्ये बसवा आणि मगच गाडी सुरू करा.