चित्तरंजन दास

चित्तरंजन दास (५ नोव्हेंबर, इ.स. १८७० - १६ जून, इ.स. १९२५) हे बंगालमधील बॅरिस्टर, कवी, भारतीय राष्ट्रीय काँग्रेसचे नेते, स्वराज्य पक्षाचे संस्थापक आणि कोलकाता शहराचे पहिले महापौर होते. 'देशबंधू' या उपाधीने ते ओळखले जातात. वकिलीत मिळवलेली संपत्ती त्यांनी हयातीतच सार्वजनिक कार्यासाठी देऊन टाकली आणि अखेरीस राहते घरही दान केले.

प्रारंभिक जीवन

दास घराणे मूळचे पूर्व बंगालच्या विक्रमपूर भागातील तेलिरबाग गावचे. चित्तरंजन यांचा जन्म मात्र कोलकात्यात झाला. वडील भुवनमोहन दास सॉलिसिटर होते, तर चुलते दुर्गामोहन दास विधवाविवाह व स्त्रीशिक्षणाचा पुरस्कार करणारे ब्राह्मो सुधारक होते. प्रेसिडेन्सी कॉलेजातून १८९० साली पदवी घेतल्यावर चित्तरंजन इंडियन सिव्हिल सर्व्हिसच्या परीक्षेसाठी इंग्लंडला गेले. तेथे दादाभाई नौरोजींच्या पार्लमेंटच्या निवडणुकीच्या प्रचारात त्यांनी भाग घेतला. सिव्हिल सर्व्हिसमध्ये त्यांची निवड झाली नाही. तेव्हा इनर टेम्पलमधून बॅरिस्टर होऊन ते परतले. १८९७ साली बासंती देवी यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

कर्ज आणि दिवाळखोरी

भुवनमोहन सढळ हाताचे होते. स्नेह्यांच्या कर्जांना जामीन राहिल्यामुळे आणि स्वतःच्या खर्चामुळे कुटुंबावरील ऋण वाढत गेले. वकिलीत नुकताच पाय ठेवणाऱ्या चित्तरंजन यांनी वडिलांच्या कर्जाची जबाबदारी आपल्याही शिरावर घेतली. १९०६ साली पितापुत्र दोघांनाही दिवाळखोरी जाहीर करावी लागली. त्या काळच्या भद्र समाजात आणि विशेषतः वकिलांच्या वर्तुळात ही मोठी नामुष्की होती.

दिवाळखोरीमुळे कायद्याने ते ऋणमुक्त झाले होते आणि धनकोंना त्यांच्याकडून काही मागता येत नव्हते. तरीही व्यवसायाचा जम बसताच, १९१३ साली, त्यांनी सर्व जुनी कर्जे फेडली आणि न्यायालयाकडून दिवाळखोरीचा शिक्का पुसून घेतला. वडिलांच्या मृत्यूच्या आधीच हे घडले. चित्तरंजन यांच्या औदार्याच्या अनेक आख्यायिका बंगालमध्ये सांगितल्या जातात, पण कोर्टाच्या दप्तरात नोंदलेली ही घटना त्या सर्वांहून बोलकी आहे.

वकिली आणि साहित्य

त्यांची कीर्ती झाली ती अलीपूर बॉम्ब खटल्यामुळे. १९०८ साली अरविंद घोष, त्यांचे बंधू बारींद्र आणि इतर अनेक तरुणांवर राजद्रोही कटाचा आरोप ठेवण्यात आला. चित्तरंजन यांनी अरविंदांचा बचाव स्वीकारला आणि महिनोन्‌महिने इतर कामे बाजूला सारून तो लढवला. मे १९०९ मध्ये अरविंद निर्दोष सुटले. बारींद्र व उल्लासकर दत्त यांना झालेली फाशीची शिक्षा अपिलात जन्मठेपेच्या काळ्या पाण्यात बदलली. ते अपीलही त्यांनीच चालवले होते. पुढे दिवाणी व फौजदारी या दोन्ही शाखांत ते देशातील आघाडीच्या बॅरिस्टरांत गणले जाऊ लागले.

'मालंच' हा त्यांचा पहिला काव्यसंग्रह. त्यातील विचारांमुळे ब्राह्मो मंडळी नाराज झाली. 'सागर संगीत' या संग्रहाचा इंग्रजी अनुवाद पुढे अरविंदांनी केला. 'नारायण' हे मासिकही चित्तरंजन यांनी चालवले. उत्तरायुष्यात त्यांचा ओढा वैष्णव भक्तीकडे होता.

असहकार आणि स्वराज्य पक्ष

डिसेंबर १९२० च्या नागपूर काँग्रेसला ते महात्मा गांधींच्या असहकार कार्यक्रमाला विरोध करण्याच्या तयारीने आले होते. बंगालमधून प्रतिनिधींची मोठी तुकडी त्यांनी स्वखर्चाने आणली होती. परंतु गांधींशी चर्चा झाल्यानंतर असहकाराचा मुख्य ठराव त्यांनीच मांडला. कोलकात्याला परतल्यावर त्यांनी वकिली सोडली. ऐश्वर्यात राहणारे कुटुंब खादीवर आले.

१९२१ च्या डिसेंबरात मुलगा चिररंजन, पत्नी बासंती देवी व बहीण ऊर्मिला देवी यांना सत्याग्रहात अटक झाली. प्रतिष्ठित घरातील स्त्रियांना पोलिसांनी पकडल्याने कोलकात्यात खळबळ माजली. पाठोपाठ चित्तरंजनही तुरुंगात गेले. अहमदाबाद काँग्रेसचे ते नियोजित अध्यक्ष होते. त्यांच्या जागी हकीम अजमल खान यांनी काम पाहिले.

सुटकेनंतर, १९२२ च्या गया काँग्रेसचे अध्यक्ष असताना, कायदेमंडळात शिरून आतून सरकारची अडवणूक करावी असा आग्रह त्यांनी धरला. हा विचार तेथे फेटाळला गेल्याने त्यांनी अध्यक्षपद सोडले आणि मोतीलाल नेहरूंसह स्वराज्य पक्ष काढला. महाराष्ट्रातून न. चिं. केळकर व मुकुंदराव जयकर त्यांना मिळाले. बंगाल, तसेच मध्य प्रांत व वऱ्हाड येथील कायदेमंडळांत स्वराज्य पक्षाने द्विदल राज्यपद्धती चालू देणे सरकारला अवघड करून सोडले.

महापौरपद

१९२३ च्या कायद्याने कोलकाता महानगरपालिकेचा कारभार प्रथमच मोठ्या अंशी लोकनियुक्त सभासदांच्या हाती आला. हा कायदा सुरेंद्रनाथ बॅनर्जी यांनी मंत्री म्हणून संमत करून घेतला होता. त्याचा लाभ मात्र त्यांच्या राजकीय विरोधकांना झाला. निवडणुकीत स्वराज्य पक्षाने बहुमत मिळवले आणि एप्रिल १९२४ मध्ये चित्तरंजन दास महापौर झाले. हुसेन शहीद सुहरावर्दी उपमहापौर होते. मुख्य कार्यकारी अधिकारी म्हणून २७ वर्षांच्या सुभाषचंद्र बोस यांची नेमणूक झाली. या पदाला तीन हजार रुपये वेतन होते. बोस यांनी त्यातील निम्मेच घेतले.

पदग्रहणाच्या वेळी महापौरांनी मांडलेल्या कार्यक्रमात मोफत प्राथमिक शिक्षण, गरिबांना मोफत औषधोपचार, स्वस्त व शुद्ध अन्न आणि दूध, पुरेसे पाणी, वस्त्यांची स्वच्छता, गरिबांसाठी घरे आणि उपनगरांचा विकास यांचा समावेश होता. गोऱ्या व्यापाऱ्यांच्या पेठा आणि बंगले यांभोवती फिरणाऱ्या कारभाराचा रोख त्यामुळे दाटीच्या वस्त्यांकडे वळला. महानगरपालिकेच्या शाळा व दवाखाने वाढू लागले, कर्मचाऱ्यांच्या गणवेशात खादी आली आणि 'कॅलकटा म्युनिसिपल गॅझेट' सुरू झाले.

सर्वाधिक वाद झाला तो नोकऱ्यांवरून. डिसेंबर १९२३ मध्ये चित्तरंजन यांनी मुस्लिम नेत्यांशी 'बंगाल करार' केला होता. त्यानुसार स्वराज्य मिळाल्यावर सरकारी नोकऱ्यांतील ५५ टक्के जागा मुसलमानांना द्यायच्या होत्या. बंगालमध्ये मुसलमान बहुसंख्य असूनही शिक्षण व नोकऱ्यांत फार मागे होते. काकिनाडा काँग्रेसने हा करार स्वीकारला नाही. बंगालमधील अनेक हिंदू पुढारी व वृत्तपत्रांनी त्यावर झोड उठवली. तरीही महानगरपालिकेत मुस्लिम उमेदवारांच्या नेमणुका लक्षणीय प्रमाणात करून महापौरांनी कराराचे तत्त्व अमलात आणले. तुरुंगवास भोगलेल्या कार्यकर्त्यांना पदे दिली जातात, असाही आक्षेप होता आणि तो सर्वस्वी निराधार म्हणता येणार नाही.

२५ ऑक्टोबर १९२४ रोजी बोस यांना चौकशीविना स्थानबद्ध करण्यात आले. महापौरांनी सभागृहात त्याचा तीव्र निषेध केला आणि बोस यांच्या कृत्यांची जबाबदारी स्वतःवर घेतली. काही काळ महानगरपालिकेची कागदपत्रे तुरुंगात बोस यांच्याकडे जात राहिली. पुढे त्यांना मंडालेला हलवण्यात आले. तोवर महापौरांची प्रकृती ढासळली होती. १९२५ मध्ये ते पुन्हा महापौर झाले, पण कामकाज फारसे पाहू शकले नाहीत.

मृत्यू

मे १९२५ मध्ये फरीदपूरच्या प्रांतिक परिषदेत, सन्मान्य अटींवर सरकारशी सहकार्य करण्याची तयारी त्यांनी दर्शवली. त्यानंतर विश्रांतीसाठी ते दार्जिलिंगला गेले. तेथे जूनच्या आरंभी गांधी काही दिवस त्यांच्यासोबत राहिले. १६ जून रोजी दार्जिलिंगमध्येच चित्तरंजन यांचे निधन झाले. दोन दिवसांनी पार्थिव रेल्वेने सियालदह स्थानकात आले आणि अफाट जनसमुदायाच्या साक्षीने केवडातला घाटावर अंत्यसंस्कार झाले. महापौरपदी यतींद्रमोहन सेनगुप्ता यांची निवड झाली.

चित्तरंजन सेवासदन

भवानीपूरमधील रसा रोडवरचे घर चित्तरंजन यांनी मृत्यूपूर्वी विश्वस्तांच्या स्वाधीन केले होते, विश्वस्तांत डॉ. बिधानचंद्र रॉय होते. वकिली सोडल्यावरही मदत मागणाऱ्याला ते परत पाठवत नसत, त्यामुळे अखेरच्या काळात हे घरही कर्जाच्या बोज्याखाली होते. गांधींनी बंगालमधील मुक्काम लांबवून दहा लाख रुपयांच्या स्मारक निधीचे आवाहन केले. त्यातून १९२६ साली तेथे स्त्रियांसाठी रुग्णालय आणि परिचारिकांच्या प्रशिक्षणाची सोय असलेले 'चित्तरंजन सेवासदन' सुरू झाले. त्याच्याशी संलग्न कर्करोग रुग्णालयाचे उद्घाटन जानेवारी १९५० मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ इरेन जोलिओ-क्युरी यांच्या हस्ते झाले. आजची चित्तरंजन राष्ट्रीय कर्करोग संस्था त्यातूनच उभी राहिली.